पाण्याचं काम

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर असताना जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. हातात भाजीची पिशवी, दम लागलेला, तरी थांबल्या. "ताई, भाची निघाली म्हणे आफ्रिकेला?" म्हटलं, हो, दक्षिण सुदानला. "चर्चकडून?" चर्चकडून नाही, संस्थेकडून, संस्था ख्रिस्ती आहे, मी म्हणाले. वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे तिकडच्या लोकांना तुमच्यात आणायचं काम का?" त्यात तिरकसपणा अजिबात नव्हता. एखाद्या मुलाला पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली तर 'म्हणजे पोलाद बनवायचं काम का' असं विचारावं, तितक्या सरळपणे त्यांनी विचारलं. आणि मी त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणून मोकळी झाले, "छे हो, पाण्याचं काम आहे तिचं. इंजिनिअर आहे ना ती." वहिनी "असं होय" म्हणाल्या, कोथिंबीर किती महाग झालीय ते बोलल्या आणि घरात गेल्या.

उत्तर खरंच होतं. भाची पाणीपुरवठ्याचीच इंजिनिअर आहे आणि तिकडेही तेच करते. पण कुणी अंगावर हात उगारल्यावर आपण कोपर वर धरतो, तसं ते 'छे हो' माझ्या तोंडून निघालं होतं, आणि समोर हात उगारणारं तर कुणीच नव्हतं. एसटीच्या हिशेब शाखेत आयुष्य गेलं, तिथे कुणी धर्म विचारला तर मी खणखणीत सांगायचे. मग या प्रश्नालाच इतकी घाई का झाली, हे रात्री भांडी आवरतानाही डोक्यातून जाईना. ती घाई माझी एकटीची नव्हती, एवढं मात्र कळत होतं. ती आमच्या घरात चार पिढ्या मुरलेली आहे.

आमच्या आईची आजी, म्हणजे माझी पणजी, १८९९-१९००च्या दुष्काळातली. लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, संवत १९५६ वरून. गाव नगर जिल्ह्यातलं. घरातली मोठी माणसं एकेक करून गेली आणि सात-आठ वर्षांची ही पोर कुणीतरी मिशनच्या आवारात आणून सोडली. हे सगळं मी आजीकडून ऐकलेलं. आजी सांगायची ते प्रार्थनेचं नसायचं, बाप्तिस्म्याचंही नसायचं. ती सांगायची मोजणीचं. मिशनच्या बाई रोज संध्याकाळी मुलांना ओळीने बसवायच्या आणि प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजायच्या. सकाळी परत मोजायच्या तेव्हा आकडा कमी भरायचा. पणजीला म्हणे म्हातारपणीही डोक्यावर कुणी हात ठेवलेला सहन व्हायचा नाही. आशीर्वादासाठी ठेवला तरी ती मान बाजूला घ्यायची. त्या आवारात तिला भाकरी मिळाली, अक्षरं मिळाली, गीतं मिळाली, पुढे नवरा मिळाला. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, कुठलं पोटासाठी आणि कुठलं जिवासाठी, हे तिने कधी वेगळं करून सांगितलं नाही. मला वाटतं, तिच्या लेखी ते वेगळं नव्हतंच. पण गावाने ते वेगळं केलं. 'पोटासाठी बाटलेले' हे शब्द माझ्या आजीने ऐकले, आईने ऐकले, आणि मी सिन्नर तालुक्यातल्या शाळेत गृहपाठाची वही मागायला गेले तेव्हा एका मैत्रिणीच्या आजीकडून ऐकले.

आमच्या चर्चच्या मंडळीतही या गोष्टीची एक गंमत आहे, गंमत म्हणायची झाली तर. रेव्हरंड टिळकांचं नाव दर दोन-तीन उपासनांमागे निघतं. नाशिकला ते निघायलाच हवं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्याच, जलालपूरच्या. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते विचारांती, स्वतःशी भांडून, घरादारावर पाणी सोडून. पंडिता रमाबाईंचंही तसंच. अशा माणसांचं नाव घेतलं की कसं, छाती जरा पुढे येते. म्हणजे बघा, केवढे विद्वान आमच्यात आले. पण ज्या पोरांची डोकी संध्याकाळी मोजली गेली त्यांच्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही, आणि बाकांवर बसलेल्यांमध्ये बरेचसे वंशज त्यांचेच. रमाबाईंनी स्वतः १८९६-९७च्या दुष्काळात गावोगाव फिरून मुली गोळा केल्या आणि केडगावला नेल्या, हेही आम्ही त्यांच्या विद्वत्तेच्या मागे ठेवतो. भुकेचा आम्हाला अजून संकोच वाटतो. १९७२ साली अख्ख्या महाराष्ट्राने अमेरिकेहून आलेली लाल मिलो खाल्ली, दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडी खाल्ली. मी त्या वेळी लहान होते, पण मिलोच्या भाकरीचा तो लालसर, चिवट घास अजून आठवतो. ती खाल्ली म्हणून कुणी कुणाला काही म्हटलं नाही. सगळेच रांगेत असले की रांगेचं लाजिरवाणेपण जातं बहुतेक.

तर अशा घरातली ही मुलगी. माझ्या धाकट्या बहिणीची थोरली.

इथल्याच कॉलेजातून सिव्हिल झाली आणि एका ठेकेदाराकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला नळपाणी योजनांवर लागली. त्या भागाची तऱ्हा नाशिककरांना सांगायला नको. जुलैत असा कोसळतो की रस्ता दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये बायका डोंगर उतरून झऱ्यावर वाटीने हंडा भरतात. पाणी खडकावरून वाहून जातं, मुरत नाही. तिने तिथे टाक्यांच्या उंच्या काढल्या, पाइपाच्या उतारांवरून गवंड्यांशी वाद घातले, उन्हाळ्यात टँकरच्या खेपांचे हिशेब ठेवले. जलसुरक्षकाबरोबर विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, मग क्लोरीन उरलंय का ते कळायला नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घ्यायची, पिवळा रंग आला का बघायचं. आम्हाला वाटलं, आता जिल्हा परिषदेची परीक्षा देईल. पण एका रविवारी जेवताना तिने सांगितलं की तिला निर्वासितांच्या छावण्यांमधलं पाणी करायचं आहे. 'करायचं आहे' म्हणाली. 'जायचं आहे' नाही. बहिणीच्या हातातला डाव वरणातच राहिला.

मला तेव्हा वाटत होतं की असल्या कामाला मन हवं आणि देव हवा, बाकीचं आपोआप जुळतं. अजिबात नाही. ही एक रीतसर नोकरीची बाजारपेठ आहे आणि तिचं दार फार अरुंद आहे. रिलीफवेब नावाच्या साइटवर जाहिराती लागतात. पदांची नावं वाचून डोकं गरगरतं: पाणी आणि स्वच्छतेला 'वॉश', मालाच्या ने-आणीला लॉजिस्टिक्स, मग पोषण, संरक्षण, हिशेब, देखरेख. बहुतेक प्रत्येक जाहिरातीत एक ओळ असतेच, 'आपत्तीच्या परिस्थितीत किमान दोन वर्षांचा अनुभव'. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. बरं, आफ्रिकेतल्या कामावर आफ्रिकेतलीच माणसं असतात, आणि तेच योग्य आहे. मदतकार्यात दहातली नऊ माणसं त्या-त्या देशातलीच असतात. बाहेरून माणूस घ्यायचा तो तिथे चटकन न मिळणारं कौशल्य असेल तरच. शेवटी तिला हात दिला तो पेठच्या टँकरांनी. कुठल्या गावाला किती खेपा, माणशी किती लिटर, पाण्यात क्लोरीन किती उरलं, या तिच्या वह्या पाहून मुलाखत घेणारी बाई म्हणाली म्हणे, हाच तर आपत्तीचा अनुभव. पेठच्या लोकांना हे सांगितलं तर काय म्हणतील कोण जाणे. त्यांच्या लेखी तो दरवर्षीचा उन्हाळा आहे.

ख्रिस्ती संस्थांमध्येही एकच एक तऱ्हा नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. वर्ल्ड व्हिजन, कॅरिटास ही नावं आपल्याकडे ऐकलेली. टिअरफंड, मेडएअर ही मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. काही ठिकाणी तुमची श्रद्धा कुणी विचारत नाही, काम येतं का तेवढं बघतात. काही ठिकाणी परदेशी जाणाऱ्याकडून श्रद्धेबद्दल लेखी निवेदन घेतात आणि पाळकांचं पत्र मागतात. आणखी एक प्रकार म्हणजे तुमचा खर्च तुम्हीच उभा करायचा, मित्र आणि मंडळ्यांकडून महिन्याला काही ठरवून घ्यायचं. मर्सी शिप्स या १९७८ साली निघालेल्या संस्थेची इस्पितळ-जहाजं चालतात ती अशा स्वयंसेवकांवर. जहाजावर सर्जनही आपला खर्च स्वतः उभा करतो. भाचीला ते फार आवडलं होतं, पण शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना जहाज कसलं घेऊन बसलीस, असं तिच्या बापाने विचारलं आणि विषय संपला.

पाळकसाहेबांनी पत्र आनंदाने दिलं. उपासनेनंतर चहा आणि खारी चालू असताना त्यांनी ही बातमी सांगितली, टाळ्या झाल्या, आणि मग एक जुने सभासद, मंडळीच्या पैशाचे कडक राखणदार, तिला बाजूला घेऊन म्हणाले, "सेवा म्हणतेस आणि पगार घेतेस? हे कसं काय?" ती गोंधळली. मी तिथेच होते. म्हटलं, साहेब, आपल्या पणजोबांना शिकवणाऱ्या गोऱ्या साहेबांनाही पगार होता, बंगला होता, आणि उन्हाळ्यात महाबळेश्वर होतं. ते हसले, पण पटलं नसावं. आमच्यात सेवा आणि नोकरी यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि त्या भिंतीमुळे कित्येक सेवा वाईट केल्या जातात. पगार घेणाऱ्याला निदान जाब विचारता येतो.

जाब विचारण्यावरून तिचं पुस्तक आठवलं. निघायच्या आधी ती एक जाडजूड हँडबुक घेऊन बसायची, स्फिअरचं, म्हणजे मदतकार्यात किमान काय द्यायला हवं त्याच्या निकषांचं. मी चाळलं. हिशेबाच्या माणसाला आवडावं असं पुस्तक आहे. माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी. एका नळावर अडीचशेहून जास्त माणसं नकोत. घरापासून नळ पाचशे मीटरच्या आत. डोक्यावरच्या छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर. एवढं मोजून कुणी का लिहून ठेवावं, असं मी विचारलं तर ती म्हणाली, रवांडामुळे. १९९४ साली तिथून पळालेले लाखो लोक शेजारच्या देशात, गोमाजवळ काळ्या लाव्हाच्या खडकावर येऊन बसले. जगभरातून संस्था धावल्या, प्रत्येकीचा झेंडा वेगळा, आणि तरीही कॉलऱ्याने हजारो माणसं गेली. चांगल्या मनाच्या माणसांकडून असं झालं, म्हणून नंतर संस्थांनी बसून लिटर आणि मीटर ठरवले. आपल्याकडे जलजीवनला माणशी पंचावन्न लिटरचा आकडा आहे. त्यावरून पंधरा म्हणजे काय ते समजावं: प्यायला, रांधायला आणि जेमतेम धुवायला.

त्याच वर्षी, १९९४ला, रेड क्रॉस आणि मोठ्या संस्थांनी मिळून आचारसंहिताही केली. दहा कलमं. ती तिने मला मोबाइलवर दाखवली आणि तिसऱ्या कलमाशी माझं बोट थांबलं. मदत कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेचा प्रसार करण्यासाठी वापरली जाणार नाही, असा त्याचा अर्थ. त्यावर सह्या करणाऱ्यांत ख्रिस्ती संस्था ढिगाने आहेत. ख्रिस्ती संस्थेने श्रद्धा लपवायची असं त्यात नाही. धान्याच्या रांगेत ती आणायची नाही, एवढंच. मी चष्मा काढला. मनात आलं ते भाचीला बोलले नाही, इथे लिहिते: हे कलम १९०० साली असतं आणि नगरच्या मिशनने ते पाळलं असतं, तर पणजीला भाकरी मिळाली असती, गीतं मिळाली नसती. ती कदाचित कुठल्याशा नातेवाइकाकडे परत गेली असती. मी नसते, ही मुलगी नसती, आणि ख्रिस्ती संस्थेच्या नावाने ती दक्षिण सुदानला निघाली नसती. ज्या गोष्टीतून आम्ही झालो ती गोष्ट करायची नाही अशी शपथ घेऊन आमची पोर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायला चालली होती.

मला कलम पटतं. पूर्णपणे पटतं. भुकेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो, हे कळायला रांगेत उभं राहिलेल्यांच्या घरात जन्मावं लागत नाही. पण पणजीचा होकार खोटा होता असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. ती नव्वदीपर्यंत जगली आणि तिला उपास पडले तेव्हाही कुणी तिला परत न्यायला आलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदम मनात बाळगता येतात, फक्त आरामात बसता येत नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्यात लहानपणापासून घोटून घेतात. रस्त्यात जखमी पडलेला माणूस, याजक पुढे जातो, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, तोही पुढे जातो, आणि परजातीचा शोमरोनी थांबतो. यावर मी असंख्य उपदेश ऐकले असतील. पण हिशेबाच्या नजरेने बघितलं तर गोष्टीचा शेवट मोठा व्यवहारी आहे. तो धर्मशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि वर खर्च झाला तर परत येताना भरीन म्हणतो. म्हणजे आगाऊ रक्कम, स्थानिक माणसावर सोपवलेलं काम, आणि नंतरची तजवीज. जखमीला तो आपला देव कोणता ते सांगत नाही, निदान शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने तसं लिहिलेलं नाही. मी हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, तू आमच्या फायनान्सला अर्ज कर."

तिचा पहिला बेत मात्र मोडला होता. निवड झाली, तारखा ठरल्या, आणि २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. मार्चपर्यंत यूएसएडचे, म्हणजे त्यांच्या सरकारी मदतसंस्थेचे, ऐंशी टक्क्यांहून जास्त कार्यक्रम रद्द झाल्याची बातमी आली. जगभर माणसं घरी गेली, वर्षानुवर्षं काम केलेली. हिचं पत्र 'तूर्त थांबवलं आहे' असं आलं. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी काही ख्रिस्ती सामाजिक संस्थांचे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घेण्याचे, परवाने रद्द झाले होते, त्यामुळे इथेही दारं किलकिलीच होती. बहीण उघडपणे खूश होती. जावई शोधायला वेळ मिळाला म्हणाली. भाची त्या दोन महिन्यांत परत पेठला गेली आणि टँकरच्या वह्या भरत बसली. मग युरोपातल्या देणग्यांवर चालणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेतून बोलावणं आलं. मुंबईला जाऊन पीतज्वराची लस, ते पिवळं कार्ड, पोलिसांचा दाखला. दक्षिण सुदान आपल्या सरकारच्या इमिग्रेशन तपासणीच्या देशांच्या यादीत आहे म्हटल्यावर मेव्हण्यांनी रात्रभर डोळा लावला नाही. पदवीधराला ती अट लागत नाही हे सकाळी कळलं. प्रशिक्षणात खोटं अपहरण करतात, डोक्यावर पोतं घालतात, हे तिने आईला सांगितलं नाही. मला सांगितलं, म्हणून मीही सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी शरणपूर रोडने जाताना एका गोष्टीचा विचार करू लागले, जी नाशिककरांना माहीत असते आणि तरी कुणी बोलत नाही. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला वस्ती वसवली, आणि तिथे काही आफ्रिकन मुलं वाढली. अरबांच्या गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी, ब्रिटिश आरमाराने सोडवलेली मुलं. आईबाप कोण, गाव कुठलं, बहुतेकांना ठाऊक नाही. सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली, वाचायला शिकली. आपल्या गोदावरीकाठी. त्यांच्या कानांवर मराठी पडलीच असणार. त्यातली काही १८६५-६६ला आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनऱ्याबरोबर परत आफ्रिकेत गेली, आणि पुढे आणखी एक तुकडी गेली. १ मे १८७३च्या पहाटे लिव्हिंगस्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, नाशिकच्या शाळेत शिकलेल्या मुलाने. बरोबरच्यांनी ते शव महिनोन् महिने चालत समुद्रापर्यंत नेलं, आणि १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा जेकब होता. त्यानंतर मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन वसलं, आणि तिथे शिकवायला, सांभाळायला जी माणसं गेली त्यांत नाशिकची बरीच होती. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. म्हणजे नाशिकहून आफ्रिकेत मदतीच्या कामाला गेलेली पहिली माणसं आफ्रिकनच होती, आणि तीही आधी कुणाच्या तरी यादीत डोकी म्हणून मोजली गेलेली. पुतळे लिव्हिंगस्टनचे झाले. शरणपूर रोडवर आता मोबाइलची दुकानं आहेत, कोचिंग क्लासच्या पाट्या आहेत, आणि सिग्नलला अडकलेली माणसं हॉर्न वाजवतात.

भाची आहे ती रेंकला, पांढऱ्या नाईलच्या काठी. सुदानमध्ये एप्रिल २०२३ला युद्ध पेटलं तेव्हापासून जोडा नावाच्या सीमानाक्यावरून लाखो लोक इकडे आले. तिचे फोन रात्री येतात, मध्येच आवाज तुटतो. पहिल्या फोनमध्ये ती हसत होती. तिथल्या जुन्या लोकांनी तिला बजावलं होतं, पावसात सावध राहा, इथे ब्लॅक कॉटन आहे, गाडी बसली की निघत नाही. तिने जमीन पाहिली तर काय, आपली काळी! उन्हाळ्यात भेगा, पावसात चिकटा, बुटाला किलोभर लागणारा. गाडी खरंच रुतली तेव्हा हिने चाकाखाली पळाट्यासारखं काहीतरी घालायला सुचवलं. ड्रायव्हरने आधीच फांद्या तोडून आणल्या होत्या. तो त्या मातीत हिच्या दुप्पट वर्षं राहिलेला.

नदीचं गढूळ पाणी पंपाने उचलायचं, तुरटीने निवळायचं, क्लोरीन द्यायचं, रबरी टाकीत साठवायचं आणि नळांवर सोडायचं. तत्त्व पेठचंच. क्लोरीनची तपासणी मात्र वेगळी, गोळीने. पाणी पिवळं होत नाही, गुलाबी होतं. एक दिवस नळावर बायका पाणी घ्यायला तयार नव्हत्या, वास येतो म्हणत. पेठच्या बायकाही हेच म्हणायच्या, टीसीएलचा वास येतो, झऱ्याचंच बरं. हिने गोळी काढून गुलाबी पाणी दाखवलं, दुभाष्यामार्फत कॉलऱ्याचं सांगितलं. कुणी हललं नाही. मग तिथली हायजिनची कार्यकर्ती आली, स्वतः निर्वासित. तिने तेच पाणी उघड्या बादलीत भरून ठेवलं, गप्पा मारल्या, तासाभराने वास कमी झाल्यावर पहिला घोट स्वतः घेतला. त्या गर्दीतली एक वयस्क बाई बराच वेळ भाचीकडे बघत होती. तिने दुभाष्याला काहीतरी विचारलं. भाचीला वाटलं, पाण्याबद्दल असेल. ती बाई विचारत होती, ही मुलगी कुठल्या युद्धातून आली?

भाचीने सांगितलं, युद्धातून नाही, नोकरीसाठी आले. बाई म्हणाली, एवढ्या लांब? आई नाही का तुला? हे सांगताना फोनवर भाची थोडा वेळ गप्प होती. मग रेंज गेली.

वहिनींचा प्रश्न मी तिला एकदा विचारला, जसाच्या तसा. ती चिडेल वाटलं होतं. म्हणाली, "सकाळी ऑफिसात आमची प्रार्थना असते, दहा मिनिटं, दार लावून. बाहेर पडलं की पाणी. कुणी विचारलं तू कोण, तर सांगते. बहुतेक जण मुसलमान आहेत, ते विचारतात आणि सांगतातही. त्यांना देवाबद्दल बोलायला अवघडल्यासारखं होत नाही. पण हातात मदतीचं टोकन असताना कुणाशी त्या विषयावर बोलत नाही." मग म्हणाली, "मावशी, अवघड ते नाहीच. अवघड हे आहे की माझ्याहून जास्त येणाऱ्या पंपवाल्याला माझ्याहून कितीतरी कमी पगार आहे, कारण तो इथला आणि मी बाहेरची." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एसटीत कंत्राटी आणि कायम अशी दोन माणसं एकाच टेबलावर बसलेली मी पाहिली आहेत, त्यावरही नव्हतं.

तिचा करार वर्षाचा. पुढचा घेणार की नाही ते ठरलेलं नाही. बहिणीने ठरवून टाकलं आहे की नाही घेणार, आणि स्थळं बघायला घेतली आहेत. मागच्या आठवड्यात बायोडेटा तयार करायला मला बोलावलं. नोकरीच्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'ख्रिस्ती सेवा, आफ्रिका'. फोन लावला होता, भाचीने ऐकलं आणि म्हणाली, "आई, ते खोड. पाणीपुरवठा अभियंता लिही."

"मग प्रभूचं काहीच नको?" बहीण म्हणाली.

"आहे ना. त्या रकान्यात नको."

बहिणीने खोडलं, पण एकच बारीक रेघ मारून, वाचता येईल अशी. मग विचारलं, "पगार लिहू का?"

"लिही. पण आधी किती ते मावशीला विचार," ती म्हणाली, "डॉलरचे रुपये तीच करते, आणि टॅक्सही तीच वजा करते."